गिमवीचा कृमी आणि टी-पेशींचा तह

शिस्टोसोमा हीमॅटोबियम हा माणसाच्या शिरांमध्ये राहणारा चपटा कृमी आहे. त्याची लांबी एक ते दोन सेंटिमीटर. नर आपल्या अंगाची पन्हळ करतो आणि मादी त्या पन्हळीत राहते. ही जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत मुक्काम ठोकते आणि तीन ते पाच वर्षे, क्वचित दोन-तीन दशकेही, रोज अंडी घालत राहते. अंड्याच्या एका टोकाला काटा असतो. काही अंडी मूत्राशयाची भिंत भेदून लघवीत उतरतात आणि त्यांच्याबरोबर रक्त येते. बाकीची अंडी वाटेतच, मूत्राशयाच्या भिंतीत आणि आसपास अडकून पडतात. या आजाराला बिल्हार्झिया म्हणतात. तो आफ्रिकेचा आणि अरबस्तानाचा आजार, भारतात तो फक्त बाहेरून येणाऱ्या माणसाबरोबर येतो, असा वैद्यकाचा दीर्घकाळ समज होता. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावाने तो समज मोडला.

गिमवीची हकीकत घडली तेव्हा टी-पेशी हे नावही कोणाला ठाऊक नव्हते. पण शिरांमध्ये वर्षानुवर्षे बिऱ्हाड करणाऱ्या परक्या प्राण्याला शरीर सहन कसे करते, हा प्रश्न त्या गावातल्या प्रत्येक रुग्णाच्या शरीरात उभा होता. त्याचे उत्तर मिळायला पुढची चार दशके लागली, आणि ते लंडन, अमेरिका, गांबिया, केनिया अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकड्या-तुकड्यांनी आले.

इजिप्तला हा आजार फार पूर्वीपासून माहीत होता. १९१० मध्ये मार्क आर्मांड रफर याने सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत ही अंडी दाखवून दिली. नेपोलियनच्या स्वारीत इजिप्तला गेलेल्या फ्रेंच सैनिकांना लघवीतून रक्त जाऊ लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी दोष घामाला आणि उन्हाला दिला. खरा गुन्हेगार सापडला तो १८५१ मध्ये. कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करताना थिओडोर बिल्हार्झ या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टराला यकृताकडे जाणाऱ्या शिरेतल्या रक्तात पांढरे, लांबट कृमी दिसले. आजाराला पुढे त्याचेच नाव चिकटले.

कृमी शरीरात शिरतो कसा, हे कळायला आणखी साठ-पासष्ट वर्षे गेली. १९१३ मध्ये जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तिथल्या जातीच्या कृमीचे पिल्लू गोगलगायीत वाढते हे सिद्ध केले. १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या काळजीपोटी इजिप्तला पाठवलेल्या रॉबर्ट लायपरने तिथल्या गोगलगायी शोधून काढल्या आणि चक्र पुरे केले. ते चक्र असे: माणसाच्या लघवीतले अंडे गोड्या पाण्यात पडले की काही मिनिटांत फुटते. त्यातून केसाळ, भिरभिरणारी अळी निघते. तिच्या हाती मोजके तास असतात. तेवढ्यात योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. सापडली तर गोगलगायीच्या अंगात तिची हजारोंनी पिलावळ होते आणि काही आठवड्यांनी दुभंगलेल्या शेपटीची पिल्ले पाण्यात बाहेर पडतात. त्या पाण्यात माणूस उतरला की ती कातडीला चिकटतात, शेपटी बाहेर टाकून देतात आणि आत शिरतात. पाणी प्यावे लागत नाही, जखम असावी लागत नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून धुणे धुतले तरी पुरते. पुढे फुप्फुसे, मग यकृत, आणि दोन-तीन महिन्यांनी मूत्राशयाच्या शिरा, असा प्रवास करून ती वयात येतात.

या चक्राची सगळी मदार एका गोगलगायीवर आहे. आफ्रिकेत ती बुलिनस नावाची असते. भारतात बुलिनस नाही, आणि भारत सुरक्षित असल्याचा दिलासा एवढ्याच गोष्टीवर उभा होता.

मुंबईला तो दिलासा कधीच पुरता पटला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथले डॉक्टर अधूनमधून लघवीत काट्याची अंडी सापडलेले रुग्ण नोंदवत होते. मुंबई बंदरातून हजला जाणारी जहाजे जेद्दाला लागत, गोदीतले खलाशी झांझिबार आणि एडनपर्यंत जाऊन येत. पहिल्या महायुद्धाने ही ये-जा एकदम कैकपटींनी वाढवली. हजारो हिंदी शिपाई इजिप्त आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेले. हे दोन्ही देश बिल्हार्झियाचे. कुतच्या वेढ्यात अडकून एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, आणि मराठा पलटणींची भरती ज्या भागांतून होई त्यात रत्नागिरी जिल्हा अग्रभागी होता. नाईल आणि तैग्रिसच्या पाण्यात उतरलेली माणसे परत येऊन आपापल्या गावच्या वहाळात आंघोळ करणार होती. इथल्या एखाद्या गोगलगायीने त्यांच्या कृमीला आसरा दिला तर काय होईल?

परळच्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास गोगलगायी तपासल्या जात होत्या. प्लेगच्या साथीत हाफकिनने उभी केलेली ही संस्था तेव्हा बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने चाले. १९२५ मध्ये तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. तिथल्या ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर यांनी १९१८ मध्ये एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. इंडोप्लॅनॉर्बिस एक्सस्टस नावाची चपट्या शंखाची गोगलगाय, जी भारतभर तळी, डबकी आणि भातखाचरांत सापडते, शिस्टोसोमा स्पिंडाले या कृमीला वाढवते. हा कृमी गुरांचा. माणसात तो वयात येत नाही. पण त्याची पिल्ले चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. खाचरात उतरलेल्या शेतकऱ्याच्या पोटऱ्यांना पुरळ येते आणि खाज सुटते, त्याचे एक कारण हे. १९३३ मध्ये मद्रासकडे याच कुळातला आणखी एक कृमी बैलांच्या नाकात सापडला. त्याने नाकात गाठी होतात आणि बैल घोरू लागतो.

म्हणजे देशात शिस्टोसोमाचे कूळ होते, गोगलगायी होत्या आणि कृमी घेऊन परतणारी माणसेही होती. माणसाचा कृमी आणि देशी गोगलगाय यांची गाठ मात्र पडलेली दिसत नव्हती. युद्ध संपले, शिपाई घरी गेले आणि विषय मागे पडला.

गिमवी हे गुहागर तालुक्यातले गाव. कोकणात पाऊस कोसळतो तेव्हा वहाळ दुथडी भरून वाहतात, आणि फाल्गुन-चैत्रात त्याच वहाळाच्या कातळात जागोजाग साठलेले डोह तेवढे उरतात. आंघोळ, धुणी, गुरांचे पाणी आणि पोरांचे डुंबणे, सगळे त्याच पाण्यावर. कोकणात लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळे लागले’ म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचे पाणी किंवा सब्जा देतात. अशा मुलखात एखाद्या मुलाची लघवी तांबडी झाली तर तिकडे कोणी सूक्ष्मदर्शक घेऊन धावत जाणार नव्हते.

आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह यांनी नेमके तेच केले. १९५२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’ या नियतकालिकात त्यांनी जाहीर केले की मुंबई राज्यात मानवी बिल्हार्झियाचे एक स्थानिक केंद्र आहे. स्थानिक या शब्दाला इथे फार वजन आहे. परदेशातून आलेला एखादा रुग्ण सापडणे वेगळे आणि गावच्या पाण्यातूनच गावच्या माणसांना लागण होणे वेगळे. हे दाखवायची तपासणी दिसायला साधी. निमुळत्या तळाच्या काचपात्रात लघवी निवळू द्यायची, तळाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि पाहायचे. अंडे मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे, भाताच्या दाण्यासारखे दोन्ही टोकांना निमुळते, एका टोकाला बारीक अणकुची. जिवंत असेल तर आतली अळी हलताना दिसते. त्यात साधे पाणी घालून थांबले की कवच तडकते आणि अळी बाहेर पडून काचपट्टीवर भिरभिरू लागते. लघवीच्या खारटपणात ती अंड्यात गप्प बसते आणि गोडे पाणी लागताच निघते. रोगाचे सगळे मर्म या एका थेंबात दिसते.

आता गोगलगाय शोधायची होती. १९५५-५६ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या पुढच्या लेखांतून या दोघांनी फेरिसिया टेनुइस हे नाव पुढे आणले. ही गोगलगाय आहे असे एरवी कोणी म्हणणारही नाही. तिला वेटोळ्यांचा शंख नसतो. पाण्यातल्या दगडाला किंवा सडक्या पानाला चिकटलेली, काही मिलिमीटरची, पारदर्शक टोपी एवढेच तिचे रूप. आफ्रिकेतल्या बुलिनसशी तिचे साम्य नाही. त्यामुळे परदेशी तज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या आणि पुढे बराच काळ त्या तशाच राहिल्या. १९९० मध्ये साऊथगेट आणि अग्रवाल यांनी भारतातल्या मानवी शिस्टोसोमियासिसवर, म्हणजे बिल्हार्झियावर, जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. वादाचे तपशील तज्ज्ञांसाठी सोडले तरी गाडगीळ-शाह यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. एका खेड्याच्या लघवीतून त्यांनी देशाच्या रोगनकाशावर नवी खूण केली, आणि महाराष्ट्रातल्या वैद्यकाच्या इतिहासात तिला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

गिमवीत कृमी आला कुठून, याचा दाखला कागदोपत्री नाही. महायुद्धाहून परतलेला शिपाई, जहाजावरचा खलाशी, हाजी, यांपैकी कोणीही तो आणू शकला असता. त्या काळचे औषध अँटिमनीचे क्षार. १९१८ पासून ते शिरेतून टोचले जात, आणि त्यांनी कृमी मरायचा तशा रोग्यालाही उलट्या व्हायच्या, कधी हृदयाचे ठोके बिघडायचे. प्राझिक्वांटेल ही गोळी यायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडायची होती. तोवर रोग्याच्या बाजूने लढायला त्याचे स्वतःचे शरीरच होते.

ते कसे लढत होते, याचा पहिला धागा एका ग्रंथीत सापडला. छातीच्या हाडामागे असलेली थायमस ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते, म्हणून ती निरुपयोगी समजली जात होती. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर याने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ते उंदीर जंतूंपुढे हतबल झाले आणि परक्या उंदराची कातडी लावली तरी ती त्यांच्या अंगावर टिकू लागली. ज्या पांढऱ्या पेशी या ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात त्यांना पुढे टी-पेशी हे नाव पडले. त्या स्वतः प्रतिपिंडे बनवत नाहीत. परके कोणते आणि आपले कोणते हे ओळखणे, आणि कोणत्या पेशींनी काय करायचे याचे हुकूम सोडणे, हे त्यांचे काम.

१९६७ मध्ये अमेरिकेत केनेथ वॉरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिल्हार्झियाचा आजार नेमका कशाने होतो हे पाहिले, आणि निष्कर्ष धक्कादायक निघाला. अडकलेल्या अंड्याभोवती शरीर पेशींचे कडे उभारते: इओसिनोफिल, भक्षक पेशी, लिम्फोसाइट, बाहेरून तंतूंचे आवरण. या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. वॉरनने दाखवले की हे कडे टी-पेशींच्या हुकमाने उभे राहते. आणि रोग्याला जो त्रास होतो तो बहुतेक या कड्यांचाच असतो. शेकडो गाठी जमल्या की मूत्राशयाची भिंत जाड आणि कडक होते, मूत्रवाहिनी अडते, मूत्रपिंडावर ताण येतो. वर्षानुवर्षे हे चालले तर मूत्राशयाचा कर्करोगही होतो. मोठे कृमी शिरेत शांत बसलेले असतात. दुखणे होते ते बचावाच्या बांधकामामुळे.

मग हा बचाव नसता तर बरे झाले असते का? वॉरननंतर दहा-अकरा वर्षांनी इंग्लंडमध्ये डोएनहॉफ आणि सहकाऱ्यांनी टी-पेशी निकामी केलेल्या उंदरांना लागण केली. (प्रयोगशाळेतले हे बहुतेक काम आतड्याच्या शिरांत राहणाऱ्या शिस्टोसोमा मॅन्सोनी या भाईबंदावर झाले, कारण मूत्राशयाचा कृमी उंदरात नीट रुळत नाही.) त्या उंदरांत गाठी नीट बनल्या नाहीत, पण अंड्यांतून झिरपणाऱ्या विषारी द्रव्यांनी यकृताच्या पेशी सडू लागल्या. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली: त्यांच्या विष्ठेत अंडी फारच कमी पडत होती. कृमीला आपली अंडी शरीराबाहेर ढकलायला यजमानाच्या टी-पेशी लागतात! अंड्याभोवती जमलेले कडे हळूहळू सरकत भिंतीच्या पलीकडे पोचते आणि अंडे बाहेर पडते. ज्या फौजेने वेढा घातला तिच्याच खांद्यावर बसून शत्रूची पिल्ले किल्ल्याबाहेर जातात.

पण शिरेत बसलेल्या मोठ्या कृमीला ही फौज हात का लावत नाही? याचे उत्तर लंडनच्या मिल हिल इथे स्मिथर्स आणि टेरी यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दिले. उंदरात वाढलेले कृमी त्यांनी माकडाच्या शिरेत सोडले; ते थोडे दिवस मलूल झाले आणि मग सावरले. दुसऱ्या माकडाला आधी उंदराच्या रक्तपेशींविरुद्ध तयार केले आणि मग तेच कृमी सोडले, ते मेले. याचा अर्थ उघड होता. कृमी आपल्या अंगावर यजमानाच्याच रक्तातले रेणू पांघरून बसतो. पहारेकऱ्यांना तो घरचाच वाटतो. वेषांतर करून शत्रूच्या छावणीत राहण्याच्या कथा बखरींत खूप आहेत, पण इतके दिवस टिकलेले वेषांतर दुसरे नसेल.

याच माकडांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या शिरांत मोठे कृमी आधीच नांदत होते, त्यांच्या कातडीतून नवी पिल्ले शिरली तर ती मारली जात. जुने भाडेकरू सुरक्षित, नव्यांना मज्जाव. १९६९ मध्ये या स्थितीला सहवर्ती प्रतिकार म्हटले गेले. ही व्यवस्था दोघांच्याही सोयीची आहे. कृमींची गर्दी मर्यादेत राहते आणि यजमान जगतो; यजमान जगला तरच अंडी पाण्यात पडत राहतात. दीर्घकाळच्या कृमीरोगात टी-पेशी शरीराला वाचवतात ते प्रामुख्याने अशा तहाने. शत्रूला समूळ उखडणे त्यांच्याकडून सहसा होत नाही.

तहाची कलमे १९८६ नंतर वाचता आली. त्या वर्षी कॅलिफोर्नियात टिमोथी मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी दाखवले की मदतनीस टी-पेशींचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार पेशीच्या आत लपलेल्या जंतूंविरुद्ध भक्षक पेशींना पेटवतो. क्षयासारख्या रोगात तो कामी येतो. दुसरा प्रकार इंटरल्युकिन-४, ५, १३ ही रसायने सोडतो. त्यांच्या सांगण्यावरून बी-पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवतात आणि हाडांच्या मगजातून इओसिनोफिल बाहेर पडतात. १९७५ मध्येच बटरवर्थने काचपात्रात पाहिले होते की प्रतिपिंडांनी खूण केलेल्या कृमीच्या पिल्लाला इओसिनोफिल चिकटतात आणि आपले विष त्याच्या कातडीवर ओतून त्याला मारतात. कृमी पेशीपेक्षा कितीतरी मोठा असल्याने त्याला गिळणे शक्य नसते. सगळ्यांनी मिळून त्याला बाहेरून भाजून काढावे लागते.

१९९१ मध्ये पीअर्स, शेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांत या दोन प्रकारांची अदलाबदल पाहिली. लागणीच्या पहिल्या आठवड्यांत पहिला प्रकार जोरात असतो. कृमी वयात येऊन अंडी घालू लागला की दुसरा प्रकार वर येतो आणि पहिला दबला जातो. ही अदलाबदल झाली नाही तर काय होते, ते १९९७ मध्ये दिसले: इंटरल्युकिन-४ बनवू न शकणारे उंदीर लागणीनंतर खंगून मेले. म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशी अंड्यांच्या विषापासून आणि पहिल्या प्रकाराच्या भडक्यापासून जीव वाचवतात. त्याचा मोबदला इंटरल्युकिन-१३ वसूल करते. तंतूंचे जाळे त्याच्यामुळेच घट्ट विणले जाते आणि अवयव कडक होतो.

माणसांत हे सगळे खरे आहे का, याची तपासणी आफ्रिकेतल्या पाणवठ्यांवर झाली. १९९१ मध्येच पॉल हेगन आणि सहकाऱ्यांनी गांबियातल्या मूत्राशयी बिल्हार्झियाचा, म्हणजे गिमवीच्याच कृमीचा, अभ्यास ‘नेचर’मध्ये मांडला. औषध देऊन बरे केलेल्या लोकांपैकी ज्यांच्या रक्तात या कृमीविरुद्ध आयजीई जास्त होते त्यांना पुन्हा लागण होण्याची शक्यता बरीच कमी होती. लहान मुलांत ही प्रतिपिंडे कमी असतात आणि ती वयाबरोबर वाढत जातात. पाण्यात मोठी माणसेही उतरतात, पण अंडी मुलांच्याच लघवीत सर्वाधिक सापडतात, त्यामागे हे एक कारण. प्रतिकार यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, कारण पांघरूण घेतलेल्या कृमीचे खरे रेणू तो मरतो तेव्हाच टी-पेशींच्या नजरेस पडतात, आणि तो मरायला वर्षे लावतो.

केनियात किसुमू शहराजवळ व्हिक्टोरिया सरोवरात गाड्या धुणाऱ्या माणसांचा अभ्यास याहून बोलका आहे. ही माणसे रोजगारासाठी तासन् तास गुडघाभर पाण्यात उभी राहतात आणि कोण किती गाड्या धुतो हे मोजता येते, म्हणजे कोण किती वेळ पाण्यात होता तेही कळते. त्यांना प्राझिक्वांटेल देऊन बरे केले, की काही आठवड्यांत पुन्हा लागण. पुन्हा औषध, पुन्हा लागण. पण काही जणांत हा अवधी दरवेळी लांबत गेला, आणि काहींना लागण जवळजवळ होईनाशी झाली. औषधाने एकदम मेलेल्या कृमींनी त्यांच्या टी-पेशींना जणू धडा दिला होता. मग त्यांच्यातल्या काहींना एचआयव्ही झाला. हा विषाणू मदतनीस टी-पेशीच मारतो. त्या पेशींची संख्या घटली तसा त्यांचा कमावलेला प्रतिकार ढासळला. त्याच भागातल्या १९९७ च्या पाहणीत एचआयव्ही झालेल्या रुग्णांच्या विष्ठेत आतड्याच्या (मॅन्सोनी) कृमीची अंडीही कमी आढळली होती. डोएनहॉफच्या उंदरांत जे दिसले तेच माणसात दिसले.

उरले एक कलम: तह मोडू न देणारा पहारा. १९९५ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी नियामक टी-पेशी दाखवून दिल्या. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. या पेशी बाकीच्या टी-पेशींना आवरून धरतात. जुनाट बिल्हार्झियात त्यांचा आणि इंटरल्युकिन-१० या शामक रसायनाचा जोर वाढतो, अंड्यांभोवतीची नवी कडी लहान होत जातात आणि रोगी रोजचे काम करू शकतो. विदर्भाच्या वाचकाला ही गोष्ट हत्तीरोगावरून ओळखीची वाटेल. रक्तात हजारो सूक्ष्मकृमी बाळगणारा माणूस वरून धडधाकट दिसतो, कारण त्याच्या टी-पेशी शांत बसवलेल्या असतात. पाय सुजून हत्तीसारखा झालेल्या माणसाच्या रक्तात मात्र अनेकदा एकही सूक्ष्मकृमी सापडत नाही. म्हणून सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ यांच्या गटाने रात्री रक्त काढून कृमी शोधण्याच्या जोडीला कृमीचे प्रतिजन पकडणाऱ्या चाचण्यांवर वर्षानुवर्षे काम केले.

गिमवीलाही अशीच चाचणी पोचली. हाफकिन संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या लोकांच्या रक्तात एलायझा पद्धतीने बिल्हार्झियाची प्रतिपिंडे शोधली आणि १९९१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. परळच्या ज्या आवारात लिस्टन आणि सोपारकर यांनी गोगलगायी तपासल्या होत्या, तिथेच ७३ वर्षांनी गिमवीच्या माणसांच्या शरीराची आठवण वाचली गेली. अंडी आज लघवीत आहेत का, हे सूक्ष्मदर्शक सांगतो. शरीराची या कृमीशी कधी गाठ पडली होती का, हे प्रतिपिंडे सांगतात, कारण मदतनीस टी-पेशींनी एकदा दिलेला हुकूम बी-पेशी बराच काळ पाळतात.

गिमवीचे लोण कोकणभर पसरले नाही. फेरिसियासारखी नाजूक गोगलगाय, वर्षातला मोठा काळ आटणारे वहाळ, आणि पुढच्या दशकांत विहिरी-नळांचे पाणी घराजवळ आल्याने कमी झालेला डोहांचा वापर, ही कारणे पटण्याजोगी आहेत. टी-पेशींना याचे श्रेय देता येत नाही. त्यांनी गावातल्या माणसांना जगवले, पण लागणीचे चक्र त्या तोडू शकल्या नसत्या, उलट अंडी पाण्यापर्यंत त्यांनीच पोचवली असती. हे चक्र तुटते ते लघवी आणि पाणवठा यांची फारकत झाली की.

जगात आजही २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगासाठी प्रतिबंधक औषध लागते आणि त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेत आहेत. महाराष्ट्रातून तिकडे नोकरी, शिक्षण, व्यापार आणि शांतिसेनेसाठी जाणारे कमी नाहीत. तिथल्या तळ्यात, नदीत किंवा सरोवरात उतरलेल्या माणसाला परतल्यावर काही महिन्यांनी, अगदी काही वर्षांनीही, लघवीत रक्त दिसले तर ‘उन्हाळे लागले’ म्हणून थांबू नये. डॉक्टरांना प्रवास सांगावा आणि तपासणीसाठी लघवी सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान द्यावी. अंडी त्या वेळात सर्वाधिक पडतात.